मुकी पट्टी

आमच्या घरात धुळीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी सासर-माहेरावरून कधी झाली नाहीत. मी धूळ घराबाहेर काढायची आणि यांनी ती जपून घरात आणायची, असा आमचा संसार. लग्न ठरलं तेव्हा वाईला आमच्याकडे निरोप आला होता, की मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, जयपूरला असतो, स्वभावानं गरीब आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. मुलगा धूमकेतूची धूळ गोळा करतो, हे मात्र कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी माझ्या वडिलांना वाटलं असतं, असेल एखादा छंद, लोक टपालाची तिकिटं नाही का जमवत.

चोपन्न सालच्या मे महिन्यात मी सौ. मोघे होऊन जयपूरला आले. तिलक नगरात एका घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. आठवडा झाला नाही तोच पहिली आंधी आली. भर दुपारी आभाळ आधी पिवळं झालं, मग काळं. दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी कणकेच्या डब्यात वाळू, उशीच्या अभ्र्यात वाळू, दातांत वाळू. अशा गावी बसून या माणसानं आकाशातली धूळ वेचायचं ठरवलं होतं. मी न राहवून विचारलं, “अहो, अख्ख्या हिंदुस्थानात दुसरं गाव नाही मिळालं?”

हे डोळे पुसत म्हणाले, “बदली काय आपण मागून मिळते?”

त्यांचं म्हणणं मला पाठ झालं होतं. धूमकेतू, म्हणजे आमच्याकडचं शेंडेनक्षत्र, हा मळक्या बर्फाचा गोळा. सूर्याजवळ आला की तो विरघळतो आणि फाटक्या पोत्याच्या बैलगाडीसारखा वाटभर धूळ सांडत जातो. ती धूळ पृथ्वी जन्मली त्या वेळची, कुणाचाही हात न लागलेली. दर वर्षी ऑक्टोबरात पृथ्वी अशाच एका जुन्या धूमकेतूची सांडलेली वाट ओलांडते आणि उल्का पडतात. जळता जळता त्यातल्या लोखंडाचे बारीक थेंब होतात, गोठून गोल मण्यांसारखे बनतात आणि हळूहळू खाली उतरतात. गावची धूळ त्यांच्यात मिसळायच्या आत ते वरच्या वर धरायचे. यांना आयुष्यात एवढंच करायचं होतं. हे बोलायला लागले की चेहरा असा उजळायचा, की मला त्या शेंडेनक्षत्राचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू?

सुरुवात माझ्या परातीपासून झाली. गच्चीवर पाणी भरून ठेवली आणि तळाशी लोहचुंबक. परातीत जे जमलं त्याला मी चिखल म्हटलं आणि हे नमुना म्हणाले. मग पतंगाची पाळी. संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर असतं. यांनी चिकट लेप लावलेली काचेची पट्टी पतंगाला बांधली आणि मोती डुंगरीच्या दिशेनं चढवली. शेजारच्या गच्चीवरून “वो काटा!” अशी आरोळी उठली आणि आमचं संशोधन कुणाच्या तरी अंगणात जाऊन पडलं. 

मग फुगे. यांच्या हवामान खात्याचे फुगे सांगानेरहून सुटायचे, वरच्या वाऱ्याचा वेग मोजायला. त्या फुग्यांना आपली डबी बांधायची परवानगी मिळवण्यात काही वर्षं गेली. डबी त्रिपोलिया बाजारातल्या एका ठठेऱ्याकडून, म्हणजे आपल्याकडच्या तांबटाकडून, करून घेतली, पितळेची, डाळीच्या डब्याएवढी. वर हवा विरळ झाली की तिचं झाकण आपोआप उघडायचं आणि खाली येताना मिटायचं. ते झाकण वेळेवर उघडायला आणि मिटायला शिकवण्यात आमच्या विभाचं बाळपण निघून गेलं. मुलगी पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा हे पंपानं डबीभोवतीची हवा काढत बसले होते. मी हाक मारली तर म्हणाले, “थांब, आत्ता उघडेल.” झाकण काही उघडलं नाही. विभा मात्र चालून, पडून, रडून झोपलीसुद्धा.

डबीत काचेच्या चार पट्ट्या बसायच्या. तीन झाकणाखाली उघड्या. चौथी वेगळ्या कप्प्यात, लाखेनं मोहोर लावून बंद. तीही बाकीच्यांसारखीच वर जायची, पण तिला हवा लागायची नाही. हिला हे मुकी पट्टी म्हणायचे. मुकी कोरी परत आली तर तिघींवर जे सापडेल ते वरचं. मुकीवरच कण निघाले तर समजायचं, की धूळ आपल्या घरातली, आपल्याच हातची, आणि सगळी मेहनत पाण्यात.

आमची मुकी दर वेळी बोलायची. रेल्वेच्या इंजिनाची काजळी, वाळू, एकदा तर माझ्या अंगाची पावडर. तेव्हापासून घरात पावडर बंद झाली.

सांगानेरचं यांचं ऑफिस उघड्या माळावर, तिथं सदा वाळू उडायची. म्हणून पट्ट्या घरीच भरायच्या ठरलं. माझी कोठीची खोली गेली. तिच्या दाराला आणि खिडकीला ओल्या चादरी टांगल्या. डबी भरायच्या दिवशी घरात झाडू मारायचा नाही, कणीक चाळायची नाही, उदबत्ती लावायची नाही. देवाला हात जोडून सांगायचं, बाबा रे, आज सांभाळून घे. आणि दिवाळीत फटाका तर सोडाच, फुलबाजीही नाही. त्यातून लोखंडाचाच कीस उडतो म्हणे. सगळ्या जयपुरात आमचीच मुलगी दिवाळीत खिडकीशी बसून दुसऱ्यांचा उजेड बघायची.

तिच्यासाठी यांनी एक काम मात्र ठेवलं होतं. कोठीत शिरण्याआधी हे साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि दाराशी उभे राहून तिच्यापुढे धरायचे. विभा मास्तरणीसारखी हात उलटेपालटे करून नखं बघायची. “हा अंगठा गंदा आहे, बाबा,” असं कधीतरी मुद्दाम म्हणायची, मग हे पुन्हा धुवून यायचे. शेवटी ती म्हणायची, “पास!” आणि हे चादर सारून आत जायचे. बाप-लेकीचा म्हणून जो काही वेळ होता तो एवढाच.

पासष्ट सालचा सप्टेंबर कुणी विसरणार नाही. लढाई लागली. जोधपूरवर बॉम्ब पडले आणि जयपुरात भोंगे वाजायला लागले. खिडक्यांना काळे कागद. हे रोज सांगानेरला, घरी आम्ही दोघीच. भोंगा झाला की जिन्याखाली अंधारात मी आणि विभा घरमालकांच्या माणसांबरोबर दाटीवाटीनं बसायचो. लढाई थांबली, कागद निघाले, पण मुलीच्या मनातला भोंगा काही थांबला नाही. आठ वर्षांची पोर एकटी न्हाणीत जाईना. दिवेलागणीला माझा पदर धरायची तो जेवण होईपर्यंत सोडायची नाही.

त्याच सुमाराला आभाळात मोठा धूमकेतू आला होता, सूर्याला घासून जाणारा. वर्तमानपत्रांत रोज बातम्या. घरमालकीण भाभीजी म्हणाल्या, “पूँछवाला तारा आया, तभी तो लड़ाई हुई.” हे हसले नाहीत. यांचं सगळं लक्ष ऑक्टोबरातल्या उल्कांकडे होतं. त्यात दिवाळी जवळ आलेली, पण लढाईमुळे यंदा गावात धूर कमी असणार. नरकचतुर्दशीच्या सकाळी फुगा सोडायचा ठरला. संध्याकाळी शहरात कुठं काही उडायला लागेल त्याच्या आत डबी खाली.

फुग्याला बांधायची ही डबी शेवटचीच, हेही आम्हाला माहीत होतं. दक्षिणेत समुद्रकाठी रॉकेटं उडायला लागली होती. फुग्याच्या कितीतरी वर, जिथं गावची धूळ पोचूच शकत नाही, तिथं जाणारी. त्यातल्या एका रॉकेटात यांच्या डबीला जागा मिळावी म्हणून यांचे वरिष्ठ हणमंतराव दिल्लीला खेटे घालत होते. हणमंतराव कोल्हापूरकडचे, तोंडानं फटकळ, पण यांच्यावर जीव. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, “मोघे, एकदा तरी मुकी कोरी आणून दाखवा. नाहीतर पुढच्या सालापासून फुग्याला डबी बांधायचं बंद. मला वर तोंड दाखवता येत नाही.”

आदल्या संध्याकाळी यांनी मुकी पट्टी कप्प्यात ठेवून लाखेची मोहोर लावली. लाख रात्रभर सुकावी लागते. बाकीच्या तीन पट्ट्या सकाळी ताज्या लेपाच्या भरायच्या होत्या.

पहाटे आमच्याकडे पहिली आंघोळ. वाई काय आणि जयपूर काय, ती चुकवायची नाही. भाभीजी मला दर वर्षी हसायच्या. इथं सगळं संध्याकाळी. सूर्य उगवायच्या आधी तेल-उटणं लावून न्हाणारी माणसं त्यांनी आमच्याशिवाय पाहिली नव्हती. आधी यांची आंघोळ झाली. थंडी पडायला लागली होती, म्हणून मी विणलेला करडा स्वेटर यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच अंगात घातला. मग मी विभाला तेल लावून न्हाणीत नेलं आणि तिनं दारातच पाय रोवले.

“आत अंधार आहे.”

“अगं, कंदील आहे ना.”

“आई, शाळेत विजयमाला सांगत होती, त्यांच्याकडे आंघोळ चालू असताना दाराशी फुलबाजी लावतात. मतलब, उजेड असतो. मग भीती नाही वाटत.”

विजयमाला म्हणजे छावणीतल्या एका मराठी सुभेदाराची मुलगी. तिचं खरं होतं. आमच्याकडेही तशीच रीत होती, पण ती मी मुलीला कधी सांगितलीच नव्हती. कोणत्या तोंडानं सांगणार? मी यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, “चल मुकाट्यानं.”

हे मागे उभे होते. म्हणाले, “भाभीजींकडे असेल एखादी?”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. हे स्वतः खाली गेले, भाभीजींना उठवलं आणि संध्याकाळसाठी आणलेला त्यांचा एक पुडा घेऊन आले. न्हाणीच्या दाराशी उकिडवे बसले आणि कंदिलावर फुलबाजी पेटवली. लेकीच्या ओल्या चेहऱ्यावर तो उजेड पडला आणि ती इतकी हसली, की मी तांब्या हातात धरून बघतच राहिले. महिनाभरात ती हसली नव्हती. एक संपली, यांनी दुसरी लावली. एक ठिणगी यांच्या बाहीवर पडून लोकर जळल्याचा वास आला, तो यांनी हातानं विझवला आणि विभा आणखी हसली. मला सांगायला लाज वाटत नाही, लग्नानंतर मला त्या पहाटेइतकं सुख कधी झालं नव्हतं.

मग हे उठले. साबणानं हात धुतले, एकदा, मग पुन्हा. ओल्या फडक्यानं तोंड, मान पुसली. केसांवर फडकं बांधलं. स्वेटरवर पांढरा डगला चढवला. लेकीपुढे हात धरले. तिनं नखं बघितली, बोटांचा वास घेतला आणि म्हणाली, “पास!”

फुगा सुटला. डबी चाकसूच्या पुढे एका बाजरीच्या रानात उतरली. तिथल्या लोकांनी तिला शेंदूर लावून नारळ फोडला होता. मोहोर शाबूत होती, झाकण मिटलेलं होतं, त्यामुळे यांनी तो नारळही गोड मानून खाल्ला.

मुकी कोरी होती. आणि तिघींवर काळे, गोल, चकचकीत मणी. हे सूक्ष्मदर्शकावरून उठले, खुर्ची पाडली, मला हाक मारली ती विभाच्या नावानं आणि विभाला माझ्या नावानं. सगळ्यांनी पाळीपाळीनं डोळा लावला. विभा म्हणाली, “काळी मोहरी.” मी म्हटलं, “एवढ्यासाठी माझी कोठी गेली?” यांनी त्यावर चक्क माझ्या डोक्यात टपली मारली.

ते तीन-चार महिने आमच्या घरात निराळंच वारं होतं. हणमंतरावांनी अहवाल दिल्लीला नेला. त्यात यांनी खबरदारीचं सगळं लिहिलं होतं: त्या सकाळी जयपुरात कुठेही आतषबाजी नव्हती, शहरात ती संध्याकाळीच सुरू झाली, तेव्हा डबी बंद होऊन खाली आलेली होती. तरी यांच्या मनाचं समाधान नव्हतं. पृथ्वीवरचे तसे मणी कुठं सापडतात का ते पाहायला हे खिशात लोहचुंबक घालून गावभर फिरले. रेल्वेच्या कारखान्याचं आवार, लोहारांची गल्ली, गिरणीचं धुराडं. सांगानेरात पोरं यांना चुंबकवाले बाबूजी म्हणायला लागली. कुठंही तसे मणी मिळाले नाहीत. फेब्रुवारीत मंजुरी आली. डबीला रॉकेटात जागा मिळाली होती, जूनमध्ये यांनी ती घेऊन दक्षिणेत जायचं होतं. मी यांच्यासाठी दोन सुती सदरे शिवायला टाकले.

होळी झाली आणि मी गरम कपडे ट्रंकेत भरायला काढले. तो करडा स्वेटर दिवाळीपासून पडूनच होता. बाहीला जळून भोक पडलं होतं आणि त्या रंगाची लोकर जयपुरात मिळेना, म्हणून तो मी तसाच घडी करून ठेवला होता. खाटेवर पसरला. शेजारी यांचं चुंबक पडलं होतं, ते बाजूला सारायला उचललं तर बाहीच्या काठावरून काळी भुकटी उठून त्याला चिकटली, मुंग्या गुळाला लागाव्यात तशी.

मी मोठ्यानं म्हटलं, “अहो, ऐकलंत का! तुमचं शेंडेनक्षत्र स्वेटरच्या बाहीत उतरलंय. उगाच एवढे फुगे उडवलेत.”

हे हसत हसत आले. चुंबक हातात घेतलं. ते भोक बघितलं. आणि माझ्या देखत यांचा चेहरा पांढरा झाला.

“हा स्वेटर मी पुन्हा कधी घातला होता का गं?”

“भोकाचा स्वेटर घालून ऑफिसात जाल? दिवाळीच्या पहाटे घातला तेवढाच.”

मला तेव्हाही कळलं नाही. हे कोठीत गेले. थोड्या वेळानं विचारत आले, तो पुडा होता ना, उरलेला? स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे होता. मी दिला. भर दुपारी, खिडकी लावून, यांनी आत फुलबाजी पेटवली. टांगलेल्या चादरीतून मला तो पांढरा उजेड दिसला, तडतड ऐकू आली, आणि मग किती वेळ काहीच नाही. मी चादर सारून आत गेले. हे सूक्ष्मदर्शकाजवळ नुसते बसले होते.

“बघ,” म्हणाले.

मी बघितलं. काळी मोहरी.

सगळं जयपूर धुंडाळलं आणि स्वतःची बाही बघितली नाही. मुकी पट्टी आदल्या संध्याकाळीच बंद झालेली, म्हणून ती बिचारी कोरी राहिली; बाकीच्या तिघी मात्र सकाळी त्याच बाहीखाली भरल्या होत्या. शहरात संध्याकाळपर्यंत आतषबाजी नव्हती हे अगदी खरं होतं. आपली दिवाळी पहाटे सुरू होते, एवढंच हे विसरले. वीस माणसांनी वाचलेल्या अहवालात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण त्या विसांत पहिली आंघोळ करणारा कुणी नसावा.

हणमंतराव संध्याकाळी आले. सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “मोघे, डबीत काही खोट आहे का? नाही ना? मग ती जाऊ द्या की वर. रॉकेटात काय खरं ते आपोआप कळेल. तोवर गप्प बसा.”

“जागा खोट्या मण्यांवर मिळालीय.”

“मग नुसतं लिहा, की फेरतपासणीत शंका आली. कारण अज्ञात. फुलबाजी-बिलबाजी लिहू नका. वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना. लोक हसतील हो.”

मी सांगितलं. हो, मी सांगितलं, आणि आजही सांगेन. म्हटलं, “इतकी वर्षं या घरानं तुमच्या डबीपायी सोसलं. आता ती चाललीय तर जाऊ दे. तुम्हाला कोण विचारतंय?”

हे माझ्याकडे बघून म्हणाले, “कारण लिहिलं नाही, तर पुढं कुणीतरी हे मणी खरे धरून चालेल. दुसऱ्या कुणाची खरी डबी माझ्या खोट्या डबीमागे अडेल. मला ते नाही जमायचं.”

“आणि विभा? तिला काय सांगायचं?”

आठवडाभर हे जेवले ते माझ्या आग्रहापुरतं. मग एका सकाळी पत्र घालून आले. त्यात काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं: दूषित होण्याचं कारण, लेखकानं त्या दिवशी पहाटे स्वतःच्या घरी पेटवलेल्या दोन फुलबाज्या. इंग्रजीत ते फारच केविलवाणं वाटत होतं.

लोक हसलेच. दिल्लीत म्हणे एकानं भर बैठकीत फुलझड़ीवाला धूमकेतू म्हटलं आणि तेच नाव यांना चिकटलं. रॉकेटातली जागा दुसऱ्या कुणाच्या उपकरणाला गेली. फुग्याला डबी बांधणं बंद झालं. हे रोज सांगानेरला जायचे, वाऱ्याचा वेग मोजायचे, परत यायचे. कोठीच्या चादरी मी काढल्या. माझी खोली मला मिळाली आणि तिच्यात पाऊल टाकायला मला नको वाटायचं. राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. यांच्यावर काढावा तर हे आधीच मेल्यासारखे. पोरीवर काढावा तर तिनं काय केलं? उजेड मागितला.

विभाला आम्ही काही सांगितलं नाही. ती मात्र सगळ्यांना सांगत सुटली होती. भाभीजींना, विजयमालाला, दूधवाल्याला. “बाबांनी ना, माझ्या आंघोळीला फुलबाजी लावली. खुद बाबांनी!” वर्षभर तिच्याकडे सांगायला तेवढंच होतं. ती सांगायला लागली की हे उठून गच्चीवर जायचे. तिला वाटायचं, बाबा लाजतात.

पुढची दिवाळी आली. मी फुलबाज्यांचं नावही काढलं नव्हतं. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी हेच बापू बाजारातून मोठा खोका घेऊन आले आणि कोनाड्यात ठेवला. विभा आनंदानं नाचली. मला ते काही बरं वाटलं नाही.

पहाटे यांनी आंघोळ केली आणि तोच करडा स्वेटर घातला. बाहीचं भोक मी जवळपासच्या रंगाच्या लोकरीनं रफू केलं होतं, तरी ठिगळ दिसतच होतं. विभाला मी न्हाणीत बसवलं. हे दाराशी उकिडवे बसले, मागच्या वर्षी बसले होते तसेच, आणि पहिली फुलबाजी पेटवली. विभा हसली. दुसरी पेटवली. तिसरी. मग एकीवर दुसरी, एकीवर दुसरी, हात थांबेना. ना हसणं, ना बोलणं. लहानशा न्हाणीत धूर कोंडला. ठिणग्या बाहीवर पडत होत्या आणि हे त्या झटकतही नव्हते. मी म्हटलं, “अहो, पुरे.” यांनी ऐकलं नाही. विभाचं हसू हळूहळू गेलं. उटण्याच्या अंगानं ती कुडकुडत बसली होती.

“बाबा, बस ना,” ती म्हणाली. “डोळ्यांत धुआँ जातोय.”

खोका रिकामा झाला तेव्हाच हे थांबले. जमिनीवर जळक्या काड्यांचा ढीग होता.

मी पोरीला पुसून कपडे घातले. ती जरा घाबरली होती, पण आपलं काम विसरली नव्हती. तांब्यात पाणी घेतलं, साबण घेतला आणि बापापुढे जाऊन उभी राहिली.

“हात धुवा, बाबा.”

“आज फुगा नाही, बेटा.”

“तरी पण धुवा. काळे झालेत.”

यांनी हात पुढे केले. तिनं पाणी ओतलं. यांनी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, एकदा, मग पुन्हा, अगदी पूर्वीसारखे. मग दाराशी उभं राहून तिच्यापुढे धरले. विभानं ते उलटेपालटे केले, नखं बघितली, बोटांचा वास घेतला. तिचा चेहरा खुलला.

“पास!”

हे हलले नाहीत. हात तसेच पुढे धरून उभे राहिले. यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते धुरानं असावं असं पोरीला वाटलं असेल तर बरंच.

“बाह्याही बघ,” हे म्हणाले.

विभा हसायला लागली. म्हणाली, “बाह्या कोण बघतं, बाबा?”